उतरलेला ताप

नूरुन्निसाने रिसीव्हर उजव्या कानावरून काढून डाव्या कानाला लावला. उजव्या कानाने ऐकलेलं तिला पटलं नव्हतं.

"परत सांग. तापाचं काय झालं?"

"उतरला, अम्मा." कतरहून अय्यूबचा आवाज आला. "काल रात्री घाम आला, कपडे पिळून काढावे लागले, आणि उतरला. आता टीव्हीपुढे बसलाय. बिस्किटं खाल्ली दोन."

दुसरी कुणी आजी असती तर तिने तिथल्या तिथे अल्लाचा शुक्र मानला असता. नूरुन्निसाने टेलिफोन बूथच्या फळीवर हात टेकवला आणि काचेबाहेर पाहिलं. बाहेर पायरीवर साळू बसली होती, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन.

"त्याआधी थंडी वाजली होती?"

"वाजली थोडी. एसी चालू होता ना."

"दात वाजत होते?"

"अम्मा, पाच वर्षांचं पोर, एसीत…"

"विचारते त्याचं उत्तर दे. एसीची कहाणी मला नको."

अय्यूबने तिकडे टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाला, "वाजत होते."

"आणि त्याच्याआधी कधी आला होता ताप?"

"मंगळवारी. बुधवारी एकदम चांगला होता, म्हणून शाळेतही पाठवला. काल दुपारी परत आला. डॉक्टरना दाखवलंय मी, तू घाबरू नको. ते म्हणाले, शाळा उघडल्या की इथं सगळ्या मुलांना होतं. तापाचं सिरप द्या, पाणी पाजा, तीन दिवस वाट बघा."

एक दिवस ताप, एक दिवस आराम, परत ताप. नूरुन्निसा शाळेत गेली होती ती जेमतेम दुसरीपर्यंत. पण पनवेलमध्ये पावसाळे काढलेल्या बाईला या हिशेबासाठी शाळेची गरज पडत नाही.

"रक्त काढलं का?"

"कशाला?"

"काचेवर घ्यायला. तपासायला."

अय्यूब हसला. लहानपणी तिच्या चुका काढताना हसायचा तसाच. "अम्मा, हे पनवेल नाही. इथं मलेरियावाले घरोघर फिरून बोटं टोचत नाहीत. तिकडचं सगळं इकडे लागू होत नाही. इथं मच्छरच नाहीत."

"तुझ्या कतरला नसतील. माझ्या अंगणात आहेत ना! पोरगा महिनाभर कुठं होता? हे डॉक्टरला सांगितलंस?"

पैसे दाखवणारे लाल आकडे पुढे सरकत राहिले. मग अय्यूब एकदम खालच्या आवाजात बोलला, जणू बूथबाहेर उभ्या असलेल्या माणसांनाही ते कतरहून ऐकू गेलं असतं.

"नाही सांगितलं. अम्मा, तुला इथलं माहीत नाही. परदेशी माणसाच्या रक्तात काही निघालं तर नाव वर जातं. आमच्या कंपनीतला एकजण असाच गेला परत, बायकोपोरांसकट. मुश्किलीनं मिळालाय हा व्हिसा. उगाच कशाला आपल्या तोंडानं सांगायचं, इंडियातून ताप घेऊन आलो म्हणून?"

ते खरं होतं की कंपनीच्या कँटीनमधली हूल, हे त्यालाही ठाऊक नसावं. पण त्याच्या आवाजातली भीती खरी होती. आईला ती लगेच ओळखू येते.

"अय्यूब, ऐक माझं…"

"बरा आहे तो. खेळतोय. मला जुम्म्याची तयारी करायचीय. रविवारी वाटलं तर परत दाखवतो. ठेवतो."

नूरुन्निसा बाहेर आली. बूथवाल्या गोरखने कागद फाडून पुढे केला आणि नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणतो नातू, बीबी?"

"खेळतोय," ती म्हणाली.

इतकं गुळमुळीत उत्तर तिच्याकडून गोरखला कधी मिळालं नव्हतं. मोहल्ल्यात तिच्या जिभेला सगळे वचकून असत. खाटीक तिला हाडं घालून मटण देत नसे आणि मुन्शीपाल्टीचा शिपाई तिच्या दारावर आवाज चढवत नसे. नवरा गेल्यावर चार मुलं तिने एकटीने वाढवली होती, आणि त्या गोष्टीचा अभिमान ती कपाळावर लिहिल्यासारखा मिरवत असे.

साळू पिशवी सावरत उठली. करंजाड्याच्या वरच्या अंगाला डोंगरालगत तिची वाडी. दोन वर्षं ती नूरुन्निसाकडे धुण्याभांड्याला होती. येताना आपल्या धाकटीला, गोदूला, कमरेवर घेऊन यायची. नातू हमझा सुट्टीला आला तेव्हा त्या दोघांची गट्टी जमली होती. संध्याकाळच्या वेळी अंगणात पाण्याच्या टाकीजवळ दोघं चिखलाची भांडी करत बसायची. हमझाला गेल्याला आठवडा झाला असेल नसेल, आणि गोदूला ताप आला. उतरला. नूरुन्निसाने स्वतः तिला वाटीभर पेज भरवली होती, आणि पोरीने वाटी चाटूनपुसून टाकीभोवती दोन गिरक्या मारल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिला टेम्पोत घालून नेली ती परत आली नाही. ताप डोक्यात गेला, असं दवाखान्यात म्हणाले.

साळू चार-पाच दिवसांनी कामावर आली. तेव्हापासून ती टाकीकडे पाठ करून भांडी घासायची.

तिला विचारू नये हे नूरुन्निसाला कळत होतं. तरी तिच्या तोंडून निघून गेलं.

"साळू, गोदूला घाम आला होता ना? आदल्या दिवशी?"

"आला व्हता बीबी. सगलं आंग भिजलेलं. आमी म्हटलं, सुटली पोर. नारल फोडला." तिने नूरुन्निसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पिशवी खाली ठेवली. "हमझाला?"

नूरुन्निसाने मान हलवली.

"मंग उभ्या काय ऱ्हायल्या? लावा परत फोन."

"तो नाही ऐकायचा. त्याच्या डॉक्टरनं सांगितलंय, थांबा."

"आमी थांबलेलो," साळू म्हणाली.

नूरुन्निसा घरी गेली नाही. बाजारातून तडक दांडेकर डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरली. बाकावर तापाने फणफणलेली पोरं आणि त्यांच्या आया ओळीने बसल्या होत्या. त्यांच्याकडे न बघता तिने पडदा बाजूला केला.

"डॉक्टर, तुम्हा लोकांची परदेशातली विद्या मोठी की इथली?"

डॉक्टरांनी कुणाच्या तरी पोटावरचा हात काढला नाही. "काय झालं ते सांगा, नूरबी."

तिने सांगितलं. शेवटी ती खोकल्याचं निमित्त करून थांबली. डॉक्टरांनी एकच गोष्ट विचारली.

"मुलगा महिनाभर इथं होता, हे त्या डॉक्टरला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग त्यानं चुकीचं काही सांगितलेलं नाही. तिथल्या मुलाला तो सल्ला बरोबर आहे. त्याच्या मते तो तिथल्याच मुलाला तपासतोय."

"पोरगा तर इथला ताप घेऊन गेलाय!"

"तेवढंच सांगायचंय त्याला. बाकी त्याला कळतं, माझ्यापेक्षा जास्त सोयी आहेत त्याच्याकडे. पण आज सांगा. रविवारपर्यंत नाही." आणि मग हळू आवाजात, "झोपाळू वाटला, नीट बोलेना, तर तासाचाही उशीर नको."

तेवढंच सांगायचंय. नूरुन्निसा दवाखान्याच्या पायऱ्या उतरली तेव्हा तिला तेवढं म्हणजे केवढं ते कळलं. अय्यूब सांगणार नव्हता. उरली सायमा.

सायमाशी तिचं सुट्टीतल्या महिनाभरात धड बोलणं झालं नव्हतं. सुनेने तिकडून येताना डासांवरची फवारणी आणली होती, आणि दिवेलागणीला घराच्या सगळ्या खिडक्या ती फटाफट लावत सुटायची. टाकीला झाकण करून घ्या, हमझाला संध्याकाळी अंगणात सोडू नका, तिथल्या नर्सनं सांगितलंय, असं तिचं रोज काही ना काही. नूरुन्निसाने एका संध्याकाळी, घरात पाहुणे बसलेले असताना, लावलेल्या खिडक्या एकेक करून उघडल्या होत्या. "तुझ्या नर्सला म्हणावं, माझी चार पोरं याच अंगणात वाढली. तू कुठली गं? उरणकडच्या मोऱ्याची. खाडीच्या चिखलात जन्म काढलास, आणि चार दिवस एसीत झोपलीस तर माझ्या घरचे डास तुला टोचायला लागले?" पाहुणे हसले होते. सायमा हमझाला घेऊन आत गेली होती. त्यानंतर तिने खिडक्यांना हात लावला नव्हता.

नूरुन्निसाने वेळ मोजून फोन लावला. आपल्याकडे अडीच म्हणजे तिकडे जुम्म्याची नमाज. अय्यूब मशिदीत असणार. गोरखने नंबर फिरवला, दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला.

"हॅलो? अम्मा?" सायमा दचकलेली होती. "काय झालं? घरात सगळे बरे ना?"

"हमझा काय करतोय?"

"झोपलाय."

"या वेळेला?"

"हो… मघाशी बिस्किटं ओकला. अंग परत कोमट लागतंय. हे म्हणाले, झोपू दे."

"त्याला हाक मार."

"अम्मा?"

"हाक मार म्हणते. मी आहे फोनवर."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग चपलांचा. मग लांबून, दुसऱ्या खोलीतून, "हमझा. ए हमझा. बाळा, ऊठ. दादीचा फोन आहे." थोडं थांबून पुन्हा, जरा मोठ्याने, "हमझा!" नूरुन्निसाने डोळे मिटून घेतले होते. समुद्रापलीकडच्या त्या घरातली प्रत्येक हाक ती ऐकत होती, आणि हाकेमागून काहीच येत नव्हतं. ना कुरकुर, ना रडणं. तिला गोदूच्या गिरक्या दिसल्या.

चपला धावत परत आल्या.

"डोळे उघडतो आणि परत मिटतो. अम्मा, तो मला काहीतरी भलतंच बोलला. झोपेत असेल ना?"

"झोपेत नाही. सायमा, ऐक. रडू नको, आधी ऐक. त्याला इथला ताप आहे. साळूची गोदू गेली त्या तापानं. तुम्हाला कळवलं नाही मी." तिने श्वास घेतला. "त्याला उचल आणि दवाखान्यात ने. मोठ्या दवाखान्यात. आणि डॉक्टरला सांग, पोरगा महिनाभर इंडियात होता."

"हे नको म्हणाले होते… व्हिसाचं…"

"व्हिसा गेला तर परत या. छप्पर आहे डोक्यावर. पोरगा…" ते वाक्य तिने पुरं केलं नाही. "तू सांगणार. अय्यूब नाही, तू. महिनाभर तुला मला जे बोलायचं होतं ना, ते सगळं त्या डॉक्टरला बोल. सासूचं घर तलावाला लागून, मागं गटार तुंबलेलं, टाकी उघडी. सासू आडमुठी, खिडक्या लावू देत नाही. संध्याकाळभर पोराला मच्छरात बसवते. कमी सांगू नको. जितकं घाण सांगशील तितकं तो लवकर रक्त बघेल."

"अम्मा, तुमच्या घराला मी असं कसं…"

"अगं बोल! जीभ गहाण पडली का तुझी?"

आणि मग, सायमाने उत्तर द्यायच्या आत, नूरुन्निसाच्या तोंडून असा शब्द गेला जो तिने आयुष्यात कुणाला, नवऱ्यालासुद्धा, म्हटला नव्हता.

"पाया पडते तुझ्या."

खरखरीत सायमाने काहीतरी म्हटलं. फोन ठेवला गेला.

बूथचं दार अर्धवट उघडंच राहिलं होतं. बाहेर रांगेत तिघं उभे होते, आणि तिघांनीही एकदम रस्त्याकडे बघायला सुरुवात केली.

गोरखने स्वतःचं स्टूल तिला दिलं. बूथचा नंबर अय्यूबकडे होता. अडीनडीला तो इथेच फोन करी. "घरी जावा बीबी, फोन आला की पोराला पाठवतो," गोरख म्हणाला.

"पोरगा येईल, मी येईन, तोवर तिकडचा फोन ठेवून मोकळा होईल. मी हलत नाही. तुझं यंत्र चालतंय ना? की दाखवायला ठेवलंय?"

"चालतंय, बीबी."

"मग कुणाला लावू देऊ नको."

पण धंदा होता. एक माणूस आला, त्याला दादरला बोलायचं होतं. नूरुन्निसाने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "दादर काय लांब आहे? एसटी पकड आणि समोर जाऊन बोल." तो बिचारा गोरखकडे बघत दुसऱ्या बूथच्या शोधात गेला. त्यानंतर आलेल्यांना गोरखनेच बाहेरून परत पाठवलं.

साळूही गेली नाही. पायरीवर बसून राहिली. दुपार कलून असरची अजान झाली. समोरच्या दुकानात कुणी रॉकेलसाठी भांडलं. नूरुन्निसाच्या हातात तसबीह होती, पण तिचे मणी पुढे सरकतच नव्हते.

"गप बसू नको गं," ती अखेर साळूवर खेकसली. "काहीतरी बोल."

साळूने पिशवीची गाठ सोडली, परत बांधली. मग रस्त्याकडे बघतच म्हणाली, "सरकारी दवाखान्यात गोदूनी डोले उघडलेले. माझ्याकडं बघितलान. पर मना वलखलान नाय."

नूरुन्निसा स्टुलावरून उठली आणि पायरीवर साळूच्या बाजूला येऊन बसली.

दिवे लागले, तलावाकडून डासांचे थवे आले आणि बूथच्या ट्यूबलाईटभोवती घोंघावू लागले. तेव्हा घंटा वाजली. गोरखने उचलून एक शब्द ऐकला आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला.

"अम्मा." अय्यूबचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "निघालं. रक्तात निघालं. तोच, वाईटातला मलेरिया. सायमानं सांगितल्याबरोबर त्यांनी काचेवर रक्त घेतलं, आणि मग सगळी धावपळच. सलाईनमधून औषध चालू केलंय."

"पोरगा कसा आहे?"

"मला नाही अजून… नुसता बघतो. पण मघाशी सायमाला अम्मी म्हणाला. ओळखलं तिला."

नूरुन्निसाने वळून साळूकडे पाहिलं आणि मान हलवली. साळूने पदराचं टोक तोंडात धरलं.

"डॉक्टर म्हणतात, आजची रात्र आणि उद्याचा दिवस बघायचा. मग सांगतो म्हणाले." अय्यूबने नाक ओढलं. "व्हिसाचं कुणी काही विचारलं नाही, अम्मा. एवढंच विचारलं, कुठून आलात, कुठल्या गावात होता."

"मग? सांगितलं तिनं? माझ्या घराचं सगळं सांगितलं?"

"तेच तर मला कळेना. तिनं मोरा सांगितलं."

"काय?"

"मोरा. मी बाजूलाच उभा. म्हणाली, आम्ही महिनाभर माझ्या आईकडे होतो, मोऱ्याला. खाडीचं गाव, सगळीकडे चिखल, घराला लागून डबकं. माझी आई जुन्या वळणाची, खिडक्या उघड्या ठेवते, कितीदा सांगितलं तरी ऐकत नाही. डॉक्टर लिहून घेत होता आणि मी बघतच राहिलो. मोऱ्याला तर आम्ही एकच रात्र होतो ना? हिला विचारलं तर बोलायला तयार नाही."

नूरुन्निसाने बूथच्या काचेला कपाळ टेकवलं. काच गार होती.

"अम्मा? आहेस ना?"

"आहे. डॉक्टर परत येईल ना, त्याला म्हणावं, मोरा खोड. तिथं पनवेल लिही."

"आता त्यानं काय फरक पडतोय? औषध तेच आहे."

"तू सांगशील का मी त्याला फोन लावू? पनवेल. मोहल्ला. नूरुन्निसाचं घर." दार उघडंच होतं, रस्त्यावरची माणसं वळून बघत होती, आणि तिने आवाज कमी केला नाही. मग तिने विचारलं, "तिच्या आईला कुणी कळवलं? पोरगा दवाखान्यात आहे म्हणून?"

"कसं कळवणार? तिथं फोन कुठाय? धक्क्यावरच्या दुकानात निरोप ठेवावा लागतो."

"बरं. तू पोराजवळ जा. बायकोला काहीतरी खायला दे, दुपारपासून उपाशी असेल ती."

तिने फोन ठेवला. पदर डोक्यावरून नीट केला.

"गोरख, उरणची सकाळची पहिली गाडी कधी?"

"सहाला. का, बीबी? उरणला कोण?"

"मोऱ्याला जायचंय. विहिणीकडे."

गोरखने हातातला हिशेबाचा कागद खाली ठेवला. मोऱ्याबद्दल आणि मोऱ्याच्या माणसांबद्दल या बाईची मतं त्याने याच बूथच्या काचेआडून वर्षानुवर्षं ऐकली होती.

"तुमी? मोऱ्याला?"

"हसायचं असेल तर मी गेल्यावर हस," नूरुन्निसा म्हणाली. "उरणला उतरल्यावर पुढं काय मिळतं, ते सांग. मी कधी गेले नाही."